गावच्या घरापुढचं खळं आणि पडवी: ठेकेदार शोधण्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

नोकरी मुंबई-पुण्यात आणि घर कोकणात, अशी ज्यांची विभागणी झालेली आहे त्यांच्या डोक्यात एक काम वर्षानुवर्षं घोळत असतं. घरापुढचं मातीचं खळं एकदाचं पक्कं करून घ्यायचं आणि जमलंच तर एका बाजूला पडवी काढायची. पूर्वी पावसाळा संपला की खळं खणून, चोपून, शेणानं सारवून घेणारी माणसं घरात होती. आता घर दहा महिने बंद असतं, खळ्यात गवत गुडघाभर वाढतं आणि गणपतीला आलेल्या पाहुण्यांची चप्पल चिखलात रुतते. म्हणून फरसबंदी.

पहिल्यांदाच असं काम काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आहेत, पण घाटावरच्या बंगल्याच्या अंगणालाही यातलं बरंचसं लागू पडेल. फरशी कोणती बसवायची, हे सगळे विचारतात. फरशीखाली काय घालणार, हे क्वचितच कोणी विचारतं. खर्चाचा मोठा भाग खाली जातो आणि काटकसरीच्या नावाखाली हात मारला जातो तोही खालीच. एकदा फरशी बसली की खालचं कोणालाच दिसत नाही. त्यामुळे ठेकेदार निवडणं, कागद करणं, हप्ते ठरवणं या सगळ्यात नजर फरशीखाली ठेवायची.

ठेकेदाराला बोलावण्याआधी

सगळ्यात आधी जागा कोणाची ते पाहा. कोकणात खळं बरेचदा सामाईक असतं. सातबाऱ्यावर सात-आठ नावं, त्यातली दोन माणसं हयात नाहीत, एक नाशिकला. काम सुरू झाल्यावर चुलतभावानं येऊन "आमच्या वाटणीतलं खळं विचारल्याशिवाय कसं खणलंस?" म्हटलं की गवंडी सामान गुंडाळून निघून जातो आणि उचल दिलेले पैसे अडकतात. तोंडी "कर रे, माझी काय हरकत" यावर विसंबू नका. साध्या कागदावर दोन ओळींची संमती, सह्या आणि हद्द कुठपर्यंत हे लिहून घ्या. भाऊबंदांशी हे बोलणं जीवावर येतं, मान्य आहे. पण काम अर्धवट अडकल्यावरचं बोलणं याहून जड जातं.

नुसत्या फरशीला सहसा कोणी काही विचारत नाही. खांब उभे करून छप्पर घातलं की ते बांधकाम धरलं जातं, म्हणून पडवी काढायची असेल तर ग्रामपंचायतीत आधी चौकशी करा. तिथल्या आकारणीच्या नोंदीतही ती पुढे येऊ शकते. शहरात प्लॉटच्या बाजूच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत छप्पर घालणं हा तर तक्रारीला आमंत्रण देण्याचाच प्रकार. घर समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीला लागून असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका.

मग घरात बसून ठरवा की या जागेचा वापर काय होणार. फक्त खुर्च्या टाकून बसायचं की गाडी उभी राहणार? आमसुलं, सांडगे, कडधान्यं वाळत घालायची का? आणि मांडव? हा प्रश्न शहरातला माणूस विसरतोच. गावात लग्न असो, सत्यनारायण असो की बारावं, खळ्यात मांडव लागतो. पक्क्या फरशीत बांबू रोवता येत नाही, मग पुढे कोणीतरी छिन्नी घेऊन फरशी फोडतो. त्यापेक्षा आधीच आठ-दहा फुटांवर तीन इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटाचे तुकडे उभे पुरून घ्यायचे. तळ मातीत उघडा ठेवायचा म्हणजे आत पाणी साचत नाही, आणि तोंडावर फरशीच्या पातळीला झाकण लावायचं. खर्च नगण्य. ही गोष्ट ठेकेदार स्वतःहून कधी सुचवणार नाही, तुम्हीच सांगायला हवी.

अशीच दुसरी गोष्ट म्हणजे रिकामा पाइप. खळ्याच्या आडवा, फरशीच्या बराच खाली, एक दोन इंची पाइप टाकून दोन्ही टोकं बंद करून ठेवा. उद्या विहिरीच्या पंपाची वायर, फाटकाजवळचा दिवा, नवीन नळ, काहीही न्यायचं झालं तर फोडाफोड नको. संडासाच्या टाकीचं झाकण खळ्यात येत असेल तर ते फरशीखाली गाडू देऊ नका. "वरनं फरशी मारून टाकतो, दिसायला बरं दिसेल" असं मिस्त्री म्हणेल. टाकी उपसायची वेळ येतेच.

माणूस कधी आणि कुठे शोधायचा

ठेकेदार शोधायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे गणपती. तुम्ही गावात असता, वाडीतली सगळी घरं उघडी असतात, आणि पाऊस अजून गेलेला नसतो. आरतीला घरोघरी जाताना लोकांची खळी पाहून घ्या. पाणी कुठे साचलंय, फरशी कुठे दबलीय, सांध्यांतून गवत कुठे आलंय, पाय कुठे घसरतोय. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. किमान दोन पावसाळे काढलेलं काम पाहिलंत तरच त्यातून काही कळतं. ज्या घराचं खळं आवडलं त्या घरच्यांना तीन प्रश्न विचारा: ठरल्या पैशात काम झालं का, मधेच माणसं किती वेळा गायब झाली, आणि नंतर बोलावल्यावर तो आला का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं.

नावं मिळाली की तिघांना जागेवर बोलवा. फोनवर "स्क्वेअर फुटाला काय घेता?" असं विचारण्यात अर्थ नाही, कारण जो दर मिळेल तो कशाचा आहे हेच कळत नाही. जागेवर आल्यावर माणूस काय करतो ते बघा. टेप काढून मापं घेतो का? पाणी कुठे काढायचं, हे विचारतो का? माती कसली आहे, पायाने उकरून पाहतो का? जो दारातच उभा राहून "काय टेन्शन घेऊ नका, एक नंबर काम करून देतो" म्हणतो आणि पाच मिनिटांत आकडा सांगतो, त्याचा आकडा कितीही कमी असला तरी मी त्याला काम देणार नाही.

काम ठरवायचं गणपती ते दसरा यात आणि सुरू करायचं दिवाळीनंतर, भातकापणी आटोपल्यावर. तोवर जमीन वाळलेली असते, चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी) सुरू झालेल्या असतात आणि शेतीतून मोकळी झालेली माणसं मिळतात. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उरकावं. मार्चमध्ये शिमगा, पुढे आंब्याचा हंगाम, आणि बागेत मजुरी चांगली मिळत असताना तुमच्या खळ्यावर कोणी थांबत नाही. बाहेरच्या राज्यांतली माणसंही होळीला घरी जातात. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, मग सिमेंटच्या कामावर पाणी मारायचं कुठून? "मे महिन्यात सुट्टीला येतो तेव्हा करून घेऊ" हा बेत म्हणूनच फसतो: काम रखडतं आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस अर्ध्या कामावर कोसळतो.

रोजंदारी, लेबर रेट की उक्तं

तीन पद्धती आहेत. रोजंदारीत माणसांचा रोज तुम्ही देता आणि सामानही तुमचंच. घरचं कोणी दिवसभर उभं राहणार असेल आणि काम किरकोळ असेल तर ठीक. लेबर रेटमध्ये मजुरी चौरस फुटावर आणि सामान तुमचं. यात सिमेंट चांगलं येतं याची खात्री, पण खडी संपली, रेती कमी पडली, असे फोन ऑफिसच्या मीटिंगमध्ये येत राहतात. उक्तं म्हणजे सामानासकट एकरकमी किंवा चौरस फुटाच्या दरानं.

लांब राहणाऱ्यानं उक्तंच द्यावं, मात्र थर आणि मापं लिहून. मापं न लिहिता दिलेलं उक्तं काम सगळ्यात धोक्याचं, कारण वाचवलेली प्रत्येक गोणी ठेकेदाराच्या खिशात जाते. मधला मार्ग म्हणजे सिमेंट आणि फरशी तुम्ही घ्यायची आणि बाकीचं त्याच्याकडे. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुना माल घेऊ नका आणि गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायला सांगा.

फरशीखाली

हिशेबासाठी २५ बाय २० फुटांचं खळं धरू, म्हणजे ५०० चौरस फूट.

आधी वरची काळी, भुसभुशीत माती आणि मुळं काढून टाकायची. ही माती भरावात परत घालू द्यायची नाही. जागा सखल असेल तर मुरमाचा भराव, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकत. दीड फूट भराव एकदम ओतून वरून पाणी सोडलं की तो बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या पावसात खरा बसतो. त्याच्याबरोबर फरशीही. त्यावर डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, सहा इंच, फटी मुरमानं भरून. खणताना कातळ किंवा घट्ट मुरूम लागला तर सोलिंग वगळता येतं, आणि मग तेवढे पैसेही कमी व्हायला हवेत.

सोलिंगवर पीसीसी, म्हणजे सिमेंट, रेती आणि खडीचा १:४:८ प्रमाणातला कोरडसर थर, चार इंच जाडीचा. आमच्या ५०० चौरस फुटांना हा साधारण १६६ घनफूट होतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या आत-बाहेर, आणि सिमेंट सुमारे १६ गोण्या. हाच थर अडीच इंच टाकला तर १० गोण्यांत भागतं. सहा गोण्या, त्याबरोबरची खडी, रेती, मजुरी, सगळं वाचलं आणि वरून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. दोन ठेकेदारांच्या दरात मोठी तफावत दिसली की ती नेमकी इथे असते. स्वस्त सांगणाऱ्याला "पीसीसी किती इंच आणि माल कितीचा?" एवढंच विचारा. गाडी उभी राहणार असेल तेवढ्या पट्ट्यात माल १:३:६ आणि जाडी पाच इंच घ्या.

जाडी तपासायची रीत सोपी आहे. ओतण्याआधी पाच-सहा फुटांवर लोखंडी सळईचे तुकडे ठोकून त्यांच्यावर चार इंचांची खूण करून घ्यायची. माल खुणेपर्यंत आला पाहिजे. ओतल्यावर खुणा गेल्या म्हणून वाद नको, ओतायच्या आधी फोटो काढायचा.

आता ढाळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तासाभरात २५ मिलिमीटरची एक सर आली तरी ५०० चौरस फुटांवर साडेअकराशे लिटरच्या आसपास पाणी जमतं. ते कुठे जाणार, हे फरशीच्या रंगाआधी ठरलं पाहिजे. वीस फुटांना अडीच ते तीन इंच उतार, घरापासून बाहेरच्या बाजूला. हा उतार पीसीसीतच काढायचा. पीसीसी सपाट टाकून "ढाळ फरशीत काढतो" म्हणणारा गवंडी एका टोकाला तीन इंच मॉर्टर (सिमेंट-रेतीचा माल) भरणार आणि तिथली फरशी पुढे पोकळ वाजणार. पातळी तपासायला महागडं यंत्र नको, गवंड्याकडची पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी पुरते. एक टोक जोत्याशी, दुसरं खळ्याच्या कडेला. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, तिथून खाली टेपनं मोजायचं. तुम्ही स्वतः एकदा हे करून बघा, म्हणजे मिस्त्रीलाही कळतं की मालक मोजतो.

उताराच्या शेवटी गटार, आणि गटाराचं पाणी आपल्याच माडांच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात. शेजाऱ्याच्या कुंपणात सोडलेलं पाणी पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं लावतं.

घराशी जिथे खळं भिडतं तिथे फरशीची पातळी जोत्याच्या किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जुन्या घरांत भिंती जांभ्याच्या असतात आणि जांभा पाणी पितो. खळं उंच करत करत जोत्याला टेकवलं की ओटीवरच्या भिंतींना खालून ओल चढते, आणि मग रंगवाल्याला दोष दिला जातो. म्हणून खोदाईची खोली वरून मोजत यायची: फरशी एक इंच, मॉर्टर दीड इंच, पीसीसी चार, सोलिंग सहा, म्हणजे तयार पातळीपासून साधारण तेरा इंच खाली. कामगार पाच इंच खणून थांबले असतील तर समजा, एकतर थर कमी पडणार किंवा खळं वर येणार.

माड, आंबा, फणस खळ्यात असतील तर बुंध्याभोवती तीन फूट तरी मोकळं सोडा. तुळशीवृंदावनाभोवतीही चार बोटं फट ठेवून पाण्याला वाट द्या.

वर काय घालायचं

इथे आवडीनिवडीचा भाग मोठा आहे, त्यामुळे थोडक्यात. शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, कोटा राजस्थानचा. दोन्ही टिकाऊ, पण कोटा पॉलिश न केलेला, खरखरीतच घ्या. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल उघड्या खळ्यात अजिबात नको. आषाढात तिच्यावर शेवाळाचा पापुद्रा चढतो आणि घरातलं वयस्कर माणूस तिथेच पडतं. जांभ्याच्या लाद्या गावच्या घराला शोभतात, पाय भाजत नाहीत. शेवाळ मात्र धरतात, तेव्हा दरवर्षी घासायची तयारी हवी. गाडी येणार असेल तर एक इंची फरशी चाकाखाली तडकते. तिथे ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बरे. पेव्हरखाली पीसीसी लागतोच असं नाही, पण खाली घट्ट ठोकलेला थर, त्यावर इंच-दीड इंच सारखी पसरलेली रेती आणि चहूबाजूंनी काँक्रीटची काठपट्टी हवीच. काठपट्टी नसली की ब्लॉक वर्षभरात फाकायला लागतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे सिमेंटचा कोबा. तो वाईट नाही. दहा-बारा फुटांवर सांधे सोडून, चौकटी पाडून टाकला आणि वर झाडूनं खरखरीत केला तर वर्षानुवर्षं टिकतो. अख्खं खळं एकसलग ओतलं तर तडे जाणारच.

हल्ली इंटरनेटवरचे फोटो पाहून लाकडी डेकची फर्माईश होते. चार महिने भिजणाऱ्या, वाळवी असलेल्या जमिनीवर आणि वर्षातून दहा महिने बंद असणाऱ्या घरापुढे लाकूड हे काम वाढवणारं प्रकरण आहे. हौसच असेल तर छपराखाली, जमिनीपासून उंच आणि खालून वारा खेळेल असं करा.

कोणताही थर असो, पाणी मारणं चुकवू देऊ नका. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि बाजारात जास्त मिळणाऱ्या पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटला) किमान १० दिवस ओल राहिली पाहिजे. सकाळी एक बादली शिंपडणं म्हणजे ओल नव्हे; गोणपाट पसरून ते भिजतं ठेवायचं किंवा कडेनं मातीचे बांध घालून पाणी साठवायचं. हे कोण करणार, मजूर की शेजारचे काका, हे नावानिशी ठरवा.

पडवी काढत असाल तर

पडवीला दोनच शत्रू: वारा आणि गंज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे घराघरांवरचे पत्रे उडाले. खांब फरशीवर नुसती प्लेट ठेवून बोल्टनं कसू नका. प्रत्येक खांबाला जमिनीत काँक्रीटचा वेगळा पाया हवा, आणि तो फरसबंदीच्या आधी. ठेकेदार आणि फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडा करणारा) वेगवेगळे असले की हा क्रम हमखास चुकतो. फरशी झाल्यावर फॅब्रिकेटर येतो आणि नवी फरशी कापतो. दोघांना एकदा तरी जागेवर एकत्र उभं करा.

पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, घ्या. साध्या लोखंडाला रंग मारलेला असला तरी खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या जागी दोन पावसांत गंज फुटतो, म्हणून जीआयच्याही वेल्डिंगवर झिंकचा थर द्यायला सांगा. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरसकट हवेत. मंगलोरी कौलं गार राहतात आणि दिसतात छान, पण वजनदार असतात, त्यानुसार वासे लागतात. पागोळ्या पडतात तिथे फरशीवर खड्डे पडतात आणि पाणी भिंतीवर उडतं, म्हणून पन्हळ लावा किंवा त्या रेषेत हातभर रुंद गोट्यांची पट्टी सोडा.

कागद

वकिली मसुदा नको. एक पान, दोन्ही बाजूंच्या सह्या, गावातला एक साक्षीदार. मजकूर साधारण असा:

"घर क्रमांक अमुक, पुढील खळं २५ × २० फूट. तयार पातळी जोत्याच्या ६ इंच खाली. खोदाई तयार पातळीपासून १३ इंच, निघालेली माती परसात टाकणे. डबर सोलिंग ६ इंच, मुरूम भरून, पाणी मारून ठोकणे. पीसीसी १:४:८, जाडी ४ इंच, ढाळ पूर्वेकडे २० फुटांना ३ इंच. कोटा फरशी खरखरीत, २५ मिलिमीटर, मॉर्टर १:६. मांडवाचे पाइप ८, रिकामा पाइप १. गटार पूर्व कडेनं, पाणी माडाच्या आळ्यात. १० दिवस पाणी मारणे ठेकेदाराकडे. मोजणी काम झाल्यावर दोघांसमक्ष, प्रत्यक्ष मापाप्रमाणे. जादा काम दर ठरवून व लिहूनच. वीज-पाणी मालकाचं. उरलेला कचरा उचलणे ठेकेदाराकडे. पहिल्या पावसाळ्यात पाणी साचलं, फरशी दबली किंवा सुटली तर विनामूल्य दुरुस्ती."

यातलं "जादा काम" हे कलम महत्त्वाचं. कामावर असताना "ताई, हे पायरीचं पण करून टाकतो" असं म्हणून केलेल्या पायरीचं बिल शेवटी तोंडचं पाणी पळवतं. व्हॉट्सॲपवर दर लिहून "ठीक" असं उत्तर गेलं तरी पुरे.

चिरा, मुरूम, रेती हे गौण खनिज आहे आणि परवान्याशिवाय त्याची वाहतूक होत नाही. गाडीचा पास ठेकेदाराकडे असायला हवा, हेही कागदात घाला. बिलात जीएसटी लावणार असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर पाहिजे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या ठेकेदाराला नोंदणी सक्तीची नसते, मग त्यानं जीएसटी आकारायचाही नाही.

पैसे

उचल मागणं गैर नाही, छोट्या ठेकेदाराकडे खेळतं भांडवल नसतं. पण अर्धे पैसे आधी देणं म्हणजे दोर त्याच्या हातात देणं. मला रास्त वाटणारी विभागणी अशी: सामान जागेवर पडल्यावर १५ टक्के, सोलिंग झाल्यावर २०, पीसीसी झाल्यावर २५, फरशी आणि सांधे पूर्ण झाल्यावर ३०. उरलेले १० टक्के पाऊस पडल्यावर. या शेवटच्या दहा टक्क्यांवर बहुतेक जण कुरकुरतात. कामाची खात्री असलेला माणूस पाच टक्क्यांवर तरी तयार होतो; जो ऐकूनच घेत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला आधीच कळलं, हे बरंच झालं. देताना बँकेतून किंवा यूपीआयनं द्या आणि कशाचे पैसे ते टिपणीत लिहा. रोख दिलेत तर वहीत तारीख आणि सही.

लांबून लक्ष कसं ठेवायचं

तीन वेळा काम थांबवून पाहायचं आणि तुमचा होकार आल्यावरच पुढे न्यायचं, असं आधीच ठरवा: खोदाई झाल्यावर, पीसीसी ओतण्याआधी आणि फरशी बसवण्याआधी. जमल्यास मधल्या वेळी स्वतः जा, सोबत टेप घेऊन. इतर वेळी फोटो मागवा, पण टेप लावलेला. "काम जोरात चाललंय" असा दहा माणसांचा फोटो निरुपयोगी. खड्ड्यात उभा टेप, त्यावरचा आकडा वाचता येतो आहे, मागे घराची पायरी दिसते आहे, असा फोटो कामाचा.

गावात देखरेखीला कोणाला तरी नेमा. ज्या नातेवाइकानं ठेकेदार सुचवला त्यालाच हे काम देऊ नका. तो बिचारा दोन्हीकडून अडकतो आणि कोणालाच काही बोलत नाही. जवळच्या गावातला डिप्लोमा झालेला सुपरवायझर थोड्या पैशांत तीन फेऱ्या मारेल, आणि ते पैसे पीसीसीतच वसूल होतात.

फरशी बसल्यावर, सांधे भरायच्या आधी, काठीनं एकेक फरशी ठोकून पाहायची. भरीव आवाज आला तर बरोबर, पोकळ आवाज आला तिथे खडूनं फुली मारायची आणि ती फरशी उचलायला लावायची. मग खळ्याच्या घराकडच्या बाजूला दोन-चार बादल्या पाणी ओतून त्याचा व्हिडिओ घ्यायचा. पाणी गटारापर्यंत गेलं पाहिजे, मधे थांबलेलं चालणार नाही.

पावसानंतर

जूनमधली पहिली जोराची सर झाली की शेजाऱ्यांकडून फोटो मागवा, आणि गणपतीला गेल्यावर स्वतः पाहा. बोटभर पाणी एखाद्या कोपऱ्यात राहिलं तर फार बाऊ करू नका, दोन फरश्या उचलून ते नीट होतं. मधोमध परात भरेल एवढं पाणी साचत असेल, ओळीनं फरश्या दबल्या असतील किंवा ओटीच्या भिंतीला ओल दिसत असेल तर खालचा थर बसला आहे. तेव्हा वरवर सिमेंटचा लेप लावून घेऊ नका, तेवढा भाग उघडून करून घ्या आणि राखलेले दहा टक्के त्यानंतरच द्या. ठेकेदार फिरकतच नसेल तर कागद, फोटो आणि पैसे दिल्याच्या नोंदी जोडून आधी लेखी नोटीस पाठवा. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं.